पेटी कोणाची फोडायची?

वडील एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होते; कोणत्या बंदरात, ते इथे सांगत नाही. त्यांच्या दोन वह्या असत. एकीत ड्यूटी, हमाली, डेमरेज. दुसरीत नुसत्या रकमा, पुढे कारण कोरे. त्या कोऱ्या जागेमुळेच मी सीमाशुल्काच्या इतिहासाकडे वळलो.

जुनी रीत अशी: ‘बिल ऑफ एन्ट्री’ भरायचे, कचेरीत ॲप्रेझर मालाचे वर्गीकरण आणि किंमत तपासणार, मग गोदीत काही पेट्या फोडून पाहिल्या जाणार. कागदावरून मालाचा उलगडा होईना तर आधी तपासणी, मग आकारणी; हा ‘फर्स्ट चेक’. कोणती पेटी फोडायची हे अधिकाऱ्याच्या बोटावर. एक दिवस उशीर म्हणजे एक दिवसाचे डेमरेज, त्यामुळे बोटालाही भाव असे.

कायद्याचा स्वभावही संशयीच. १८७८च्या सागरी सीमाशुल्क कायद्यात १९५५मध्ये कलम १७८-अ घातले गेले. चोरटे म्हणून जप्त झालेले सोने चोरटे नाही, हे ज्याच्याकडे सापडले त्यानेच सिद्ध करायचे. १९६२च्या कायद्यात तेच कलम १२३ झाले. पण १९८९मध्ये न्हावा-शेवा सुरू झाले, १९९१नंतर आयात वाढली, आणि सगळ्यांवर संशय घेणे परवडेनासे झाले. पेटी फोडणे वेगळे, अख्खा कंटेनर रिकामा करून पुन्हा भरणे वेगळे.

नोव्हेंबर २००५च्या परिपत्रकाने जोखीम व्यवस्थापन प्रणाली आणली. आयातदाराची पूर्वपीठिका, माल, मूळ देश पाहून संगणक ठरवू लागला : हे सोडा, हे तपासा. याच परिपत्रकात एक अट आहे. संगणकाचा आदेश डावलून वेगळे काही करायचे तर अधिकाऱ्याने वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यायची आणि कारणे लिहून ठेवायची. माझ्या मते खरी सुधारणा यंत्र नव्हे, ही अट. पुढे २०११मध्ये आयातदारानेच स्वतःची आकारणी करायची ठरले. २०२०मध्ये आकारणी करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसू लागला, त्याचे तोंडही दिसेना.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलाने पहिल्यांदाच माल मागवला. नवखा, म्हणून पूर्वपीठिका शून्य. कंटेनर तपासणीला लागला. निकष गोपनीय असतात, तेव्हा कारण कळणार नव्हतेच. तरी त्याने विचारले. समोरचा माणूस सौजन्याने म्हणाला, “सिस्टीमने टाकलंय.”

मुलाने हिशेबाच्या वहीत डेमरेजचा आकडा लिहिला. कारणाचा रकाना कोराच राहिला.