एक रुपया दंड ते मोबाईलचं स्टेटस

मंडळी, शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे काय चेष्टा नव्हती!

पुढं १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना आली. गावात संगणक आला, पण वापर झाला मुख्यतः उसाच्या हिशेबाला. मग पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. त्यामागं परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं काम; २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांनाच मिळाला. पोरं कोड स्कॅन करायला शिकली. पण समोर आलेलं खरं की खोटं, हे कोण शिकवणार?

जून २०२३ आठवा. मोबाईलच्या स्टेटसवरून आपल्या शाहूनगरीत दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. घराघरातली पोरं ते सगळं बघत होती.

फोटो कधीचा, कुठला, पाठवला कुणी? हे तीन प्रश्न चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येतात. टॅब नको, निधी नको (निधीची वाट बघण्यात आपला हात कुणी धरणार नाही). शाळा व्यवस्थापन समितीची बैठक असेल तेव्हा जा आणि विचारा, आमच्या शाळेत हे कधी सुरू करताय?