संन्याशाला सुळी

परवा माझी भाची माझ्याच घरात, माझ्याच टेबलापाशी चोर ठरली. ठरवणारा मी नव्हे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक अँटीव्हायरस राहतो. दर वर्षी पैसे मोजून मी त्याला ठेवून घेतलेला आहे. त्यानं ठरवलं.

झालं असं, की मराठी टाइप करताना मला जोडाक्षरं अडतात. 'आर्द्रा नक्षत्र' एवढं लिहून होईपर्यंत बाहेर पाऊस पडून जातो. भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं दिवाळीची सुटी खर्ची घालून मामासाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि पेनड्राइव्हवर घेऊन आली. बसवायला घेतला मात्र, पडद्यावर लालभडक चौकट उगवली. ट्रोजन सापडला आहे. नष्ट केला आहे. खाली हिशेबही दिला होता : धोके सापडले, एक, धोके निवारले, एक. शंभर टक्के निकाल! आमच्या शाळेचा जन्मात कधी असा लागला नव्हता.

"मामा, यात काही म्हणजे काही नाहीये रे," भाची म्हणाली.

तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. चौकटीकडे तिनं एकदा पाहिलं, भाचीकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "अगं बाई! आणि आपल्या एफडीचं सगळं यातच आहे ना हो?"

एवढंच. पण भाची चिवड्याची बशी तशीच ठेवून उठली.

रिटायर झालेला माणूस संतापला की संशोधन करतो. मीही या अँटीव्हायरस मंडळींची कुंडली मांडायला बसलो आणि लक्षात आलं, की माझी भाची फार मोठ्या मंडळींच्या पंगतीत जाऊन बसली आहे.

पीसीवरच्या व्हायरसांचा मूळपुरुष १९८६ सालचा. नाव 'ब्रेन', मुक्काम लाहोर. तो लिहिणाऱ्या अल्वी बंधूंनी त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. घरफोडी करून जाताना ओट्यावर व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं, तसं! अशा सरळमार्गी चोरांना पकडणं सोपं होतं. प्रत्येक व्हायरसाच्या पोटात काही ठरावीक अक्षरं असायची, ती शोधायची. पोलीसचौकीत भिंतीवर फरारी इसमांचे फोटो लावतात ना, तोच प्रकार.

पण गंमत अशी, की त्या डॉसच्या जमान्यात काही अँटीव्हायरस ही फोटोंची जंत्री उघडीच ठेवायचे. मग त्याच कॉम्प्युटरवर दुसरा अँटीव्हायरस तपासणीला निघाला, की त्याला पहिल्याच्या खिशात सगळे फरारी एकदम सापडायचे. म्हणजे एका चौकीच्या हवालदारानं दुसऱ्या चौकीत शिरावं आणि भिंतीवरचे फोटो बघून ओरडावं, "अरे बापरे, सगळी टोळी इथंच!"

पुढे चोर हुशार झाले. वेष पालटू लागले. रोज काही लाख नवे नमुने येऊ लागले, तिथं एकेकाचा फोटो कोण काढत बसणार? मग अँटीव्हायरस अंदाजानं पकडू लागले. हा फार घाईत दिसतो, त्यानं तोंड झाकलंय, याची चाल त्या अमक्यासारखी आहे. वॉचमनची बाजूही ऐकली पाहिजे : कोट्यवधी फाइली तपासायच्या म्हटल्यावर लाखात एक चूक झाली तरी ती हजारोंच्या घरांत होते. फक्त ती कुठं व्हावी, हे त्याच्या हातात नसतं.

मार्च २००६. मॅकॅफी कंपनीच्या अँटीव्हायरसनं एक्सेलला व्हायरस ठरवलं. मार्च महिना आणि एक्सेल! ज्यांनी मार्च-एंडला ऑफिसात रात्री काढल्या आहेत, त्यांच्या अंगावर नुसत्या वाचण्यानंच काटा येईल. मे २००७ मध्ये सिमँटेकनं चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन मूळ फाइली चोर म्हणून उचलल्या आणि चीनमधले हजारो कॉम्प्युटर सुरूच होईनात. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीनं एक्सपीचीच आणखी एक फाइल धरली. नोंद घेऊन पुढे जाऊ, कारण २१ एप्रिल २०१० चा प्रयोग या सगळ्यांवर मात करणारा आहे.

विंडोजमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल असते. ती मुकादम. तिच्या हाताखाली बाकीचे गडी काम करतात. त्या दिवशी मॅकॅफीनं एक्सपीवर या मुकादमालाच व्हायरस म्हणून पकडलं. कॉम्प्युटर बंद पडायचे, पुन्हा सुरू व्हायचे, पुन्हा बंद पडायचे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या काही रुग्णालयांनी तातडीचे नसलेले रुग्ण परत पाठवले. ऑस्ट्रेलियात कोल्सच्या काही दुकानांचे गल्ले अडले. ज्यांना फटका बसला त्यांत इंटेलही होती आणि चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, याच इंटेलनं ७६८ कोटी डॉलर मोजून मॅकॅफी विकत घ्यायचं जाहीर केलं. ज्या वॉचमननं आपल्याला जिन्यात झोडपलं, त्यालाच घरजावई करून घेण्याचं औदार्य आमच्या सोसायटीत तरी कुणी दाखवणार नाही.

३० सप्टेंबर २०११ ला मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसनं गूगलच्या क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा भामटा ठरवून काही ठिकाणी पुसूनच टाकलं. ब्राउझरच्या धंद्यात दोघांची भाऊबंदकी. तरी ही चूकच होती, आणि फटका बसला तो सुमारे तीन हजार ग्राहकांना, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. आपण विश्वास ठेवू. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अविरानं स्वतःचीच फाइल हेर म्हणून पकडली. आणि १९ सप्टेंबर २०१२ ला सोफोसनं कळस केला. त्यानं स्वतःच्या दुरुस्त्या घेऊन येणाऱ्या भागालाच बेड्या घातल्या. आता चूक सुधारायची तर दुरुस्ती यायला हवी, आणि दुरुस्ती आणणारा तर कोठडीत!

हे सगळं मी भाचीला फोनवर मोठ्या चवीनं सांगितलं. म्हटलं तेवढाच पोरीला धीर. ती म्हणाली, "मामा, क्रोमची चूक किती वेळात दुरुस्त झाली?"

"त्याच दिवशी. काही तासांत."

"बरं," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

तिनं आपली तक्रार कंपनीच्या फॉर्मवर भरली, त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

मग मी हसणं थांबवून जरा नीट वाचू लागलो. नीर सोफर नावाचा एक प्रोग्रॅमर आहे. निरसॉफ्ट या नावानं छोटी छोटी उपयोगी सॉफ्टवेअर लिहितो आणि फुकट देतो. आपलाच विसरलेला पासवर्ड आपल्याला काढून देणारीही त्यात आहेत. त्यानं २००९ मध्येच लिहून ठेवलं, की या अँटीव्हायरस कंपन्या लहान प्रोग्रॅमरला केवढी डोकेदुखी होऊन बसल्या आहेत. कुलपाची किल्ली बनवून देणारा आणि कुलूप फोडणारा यांची हत्यारं सारखीच दिसतात. माझ्या भाचीचंही तेच झालं होतं. मराठी टाइप करून देणाऱ्या प्रोग्रॅमला कीबोर्डच्या तोंडाशी बसून प्रत्येक कळ आधी स्वतः बघावी लागते, तेव्हा कुठं तो 'के'चा 'क' करतो. पासवर्ड चोरणाराही तिथंच बसून तेच बघतो. शिवाय तिनं तो ऑटोहॉटकी नावाच्या फुकटच्या साधनात लिहिला होता. ते साधन चोरांनाही फुकटच मिळतं.

सज्जनपणा शाबीत करायची सोय आहे, नाही असं नाही. सही-शिक्क्याचं डिजिटल सर्टिफिकेट घ्यायचं. वर्षाकाठी हजारो रुपये. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा गॅझेटेड ऑफिसरकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागायचा. हा गृहस्थ सद्वर्तनी असून मी त्यास व्यक्तिशः ओळखतो, असं तो साहेब आमच्याकडे न बघता लिहून द्यायचा. हे सर्टिफिकेट त्याच जातीचं. प्रोग्रॅम कुणाचा आहे, एवढं ते सांगतं. कसा आहे, ते नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट, त्या काळचा सर्वांत बेरकी व्हायरस, रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांचे चोरलेले सही-शिक्के लावून हिंडत होता. चोराच्या खिशात दाखला होता. माझ्या भाचीच्या नव्हता.

मग ती फाइल तिनं व्हायरसटोटलवर टाकली. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेली आणि आता गूगलकडे असलेली ही चावडी. तिथं एक फाइल द्यायची आणि साठ-सत्तर अँटीव्हायरसांची मतं एकदम घ्यायची. नऊ जणांनी हात वर केला होता. पुढच्या आठवड्यात ते बारा झाले. प्रोग्रॅम तोच, एक अक्षर बदललेलं नाही!

याचंही उत्तर सापडलं. २०१० च्या सुमारास कॅस्परस्की कंपनीनं एक खोडी काढली होती. त्यांनी वीस निरुपद्रवी फाइली घेतल्या, त्यांतल्या दहांना मुद्दाम 'हा व्हायरस' असं खोटंच म्हटलं आणि सगळ्या या चावडीवर नेऊन ठेवल्या. दहा दिवसांत त्या निरपराध फाइलींना चोर म्हणणाऱ्या इतर कंपन्यांचा आकडा चौदापर्यंत गेला. मी चाळीत वाढलो आहे. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. तळमजल्यावर एकीनं डोळा मिचकावला, की संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न मोडायचं.

सत्ताविसाव्या दिवशी भाचीला उत्तर आलं. आपली फाइल निर्दोष असून आमच्या यादीतून काढली आहे. दिलगिरीचा शब्द नव्हता. ही म्हणाली, "मी तिला फोन करते." स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन तिनं अर्धा तास फोन केला. काय बोलली, ते मला सांगितलं नाही. पण त्या रविवारी भाची जेवायला आली आणि सोबत प्रोग्रॅमची नवी आवृत्ती होती. 'ऱ्या' आता एका कळीत उमटत होता. फक्त आवृत्ती नवी म्हणजे फाइल नवी, फाइल नवी म्हणजे अनोळखी, आणि अनोळखी म्हणजे...

लाल चौकट उगवली. "हं, परवानगी द्या त्याला," ही भाकरी थापता थापता तिथूनच म्हणाली. मी दिली. तिसऱ्या आवृत्तीलाही दिली. चौथ्या आवृत्तीपर्यंत माझं बोट त्या बटणावर चौकटीच्या आधी पोचू लागलं होतं.

गेल्या मंगळवारी वीजबिल थकल्याची एक ईमेल आली, सोबत फाइल. आज रात्री वीज तोडणार, म्हणे. मी फाइल उघडायला गेलो, लाल चौकट आली आणि माझं बोट सवयीनं निघालं. हिनं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली, "ही कुणाची भाची?"