कालवं, कौलं आणि चुना

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला जाणं झालं. शेवटच्या रात्री यजमानांनी एका भारी मासळीच्या हॉटेलात नेलं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, प्रत्येकापुढे तीन-तीन काटे, आणि शांतता देवळाच्या गाभाऱ्यातली. मग तिवईवर बर्फाचं मोठं ताट आलं. त्यात उघडलेले शिंपले, बाजूला लिंबाच्या फोडी, काळसर पाव आणि लोणी. मी वाकून बघितलं आणि मोठ्यानं म्हणालो, "अरे, ही तर कालवं!"

मालवणला सुट्टीत मामीबरोबर मी खडपांवर जायचो. अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी बघून बायका निघायच्या. हातात कोयती, कमरेला टोपली. कालव खडकाला चिकटलेलं असतं. मामी वरचं शिंपलं उडवून आतला गर काढायची, खालचं तसंच ठेवायची. घरी कांद्या-खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, दोन सोलं... असो. पण हे खाणं मिरवायचं नव्हतं. ज्यांच्या घरी होडी, त्यांच्याकडे सुरमई. ज्यांच्याकडे नाही, त्यांची कालवं. मीही मुंबईला आल्यावर मित्रांना कधी त्याबद्दल सांगितलं नाही.

म्हणून त्या ताटानं मला जरा अस्वस्थच केलं. परत आल्यावर वाचायला लागलो.

गंमत म्हणजे फ्रेंचांनी आपली कालवं जवळजवळ संपवलीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत किनाऱ्यावरचे साठे खरवडून खरवडून ओस पडले. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात व्हिक्तॉर कोस्त नावाच्या शास्त्रज्ञानं सरकारचा पैसा घेऊन 1858 पासून कालवांची शेती करून पाहिली. सगळे प्रयोग काही साधले नाहीत. खरी युक्ती सापडली ती आर्काशोंच्या खाडीत, 1865 च्या सुमाराला, आणि ती वाचून मी हसलो. कौलं! घरावरची कौलं चुन्यात बुडवायची आणि पाण्यात रचायची. पाण्यात तरंगणारी कालवांची पिल्लं त्यावर येऊन बसतात, आणि चुना ठिसूळ असल्यामुळे मोठी झाली की न मोडता सुटतात. कौलं आणि चुना. कोकणात तर पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत!

पुढे 1868 मध्ये पोर्तुगालहून कालवं घेऊन निघालेलं 'मोर्लेझियाँ' हे जहाज वादळामुळे जिरोंद नदीच्या मुखात अडकलं. माल नासला असं समजून तो पाण्यात ओतला. त्यातली बरीच कालवं जिवंत होती! ती अशी फोफावली की पुढची शंभर वर्षं फ्रान्सच्या ताटात मुख्यतः हीच 'पोर्तुगीज' कालवं होती. नंतर जनुकं तपासल्यावर कळलं, ही जात मूळची पोर्तुगालची नव्हेच, आशियातली, तैवानकडची. बहुधा पोर्तुगीज जहाजांच्या तळाला चिकटून गेली असावी. 1970 नंतर रोगानं तीही मेली, आणि फ्रेंचांनी जपानी जात आणून लावली. म्हणजे त्या रात्री माझ्यासमोर बर्फावर जे मांडलं होतं, ते बहुतेक आपल्याच खंडातल्या पाहुण्यांचे वंशज.

सिंधुदुर्गातही गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं बचत गटांच्या बायकांनी खाडीत बांबूचे तराफे बांधून, दोऱ्या सोडून कालवं वाढवून पाहिली.

हे सगळं मी फोनवर मामीला सांगितलं. कौलांचं ऐकून म्हणाली, त्यात काय नवीन? खालचं शिंपलं खडपावर ठेवायचं ते कशाला, त्याच्यावरच तर नवीन कालव बसतं. तिच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं.

मग थोडं थांबून तिनं विचारलं, "पण मेल्या, तू ती कच्ची खाल्लंस? आणि वर पैसे पण दिलंस?"

पैसे यजमानांनी दिले, एवढंच मी तिला सांगितलं.