प्रवरेच्या खोऱ्यातली दगडपारख

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत खनिजांची एक पेटी असते. पुठ्ठ्याच्या खणांत अभ्रक, गंधक, हेमॅटाइट, बॉक्साइट, गॅलेना असे तुकडे मांडलेले असतात. पाठ्यपुस्तकातला तक्ता या पेटीला बरोबर लागू पडतो. रंग पाहा, कस पाहा, चमक पाहा, की खनिज ओळखता येते. गंधक पिवळे, हेमॅटाइटचा कस तांबडा, गॅलेना शिशासारखी जड. पण अहमदनगर जिल्ह्यातला (२०२४ पासून अहिल्यानगर) विद्यार्थी रानातून किंवा विहिरीच्या मलब्यातून जे दगड खिशात घालून आणतो, त्यांच्यापुढे हा तक्ता गप्प बसतो. त्याच्या हातातले सगळेच पांढरे किंवा रंगहीन असते, आणि सगळ्यांचाच कस पांढरा निघतो. मग त्या सगळ्याला 'गारगोटी' म्हणून मोकळे होणे सोपे जाते. आमच्या मते या तक्त्यातला क्रमच आपल्या भागासाठी उलटा आहे. इथे रंग सर्वांत शेवटी विचारावा, आणि दगड कसा फुटतो हे सर्वांत आधी.

हा जिल्हा जवळजवळ संपूर्ण काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजत असताना त्यातले वायू अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजे आणून साठवली. क्वॉर्ट्‌झ, कॅल्सेडोनी आणि अकीक ही एका घराण्यातली, शिवाय कॅल्साइट, आणि झिओलाइट गटातली स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी. एकाच खाणीत, कधी कधी एकाच पोकळीत, ही मंडळी शेजारी शेजारी बसलेली सापडतात. त्यांना वेगळे ओळखण्याचा इतिहास फार जुना आहे आणि त्याची पहिली पाने याच जिल्ह्यात सापडली आहेत.

डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले आणि प्रवरेच्या काठच्या दरडींत साठलेले जाड्याभरड्या वाळूगोट्यांचे थर तपासले. खालच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या. त्या मुख्यतः बेसाल्ट आणि डोलेराइट या काळ्या, चिवट खडकांच्या होत्या. नेवाशाजवळच्या चिरकी येथे गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननातही अशीच मोठी अवजारे निघाली. पण नेवाशाच्या वरच्या थरात चित्र बदललेले होते. तिथली अवजारे लहान होती, तासण्या आणि टोचे, आणि ती जास्पर, अकीक, कॅल्सेडोनी अशा दगडांची होती. मध्य पुराश्मयुगातल्या या अवजारांच्या परंपरेला पुढे नेवाशाचेच नाव पडले.

या बदलात आमच्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कॅल्सेडोनी बेसाल्टच्या पोकळ्यांतून येते, आणि त्याच पोकळ्यांत चमकदार कॅल्साइट आणि स्टिल्बाइटही असतात. रूपावर भुलणाऱ्या माणसाने आधी तेच उचलले असते. अवजारांसाठी मात्र निवड झाली ती मळकट दिसणाऱ्या कॅल्सेडोनीची आणि जास्परची. कारण उघड आहे. कॅल्साइटला ठोकले की तो ठरलेल्या तीन दिशांनी सपाट फुटतो आणि हातात तिरप्या विटेसारखे तुकडे येतात. स्टिल्बाइटचे पापुद्रे सुटतात. ठरावीक दिशेने असे सपाट फुटण्याच्या गुणाला आपण 'पाटन' म्हणतो. कॅल्सेडोनीला पाटन नाही. तिचा फुटलेला पृष्ठभाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार असतो (याला 'शंखाभ भंजन' म्हणतात), आणि त्याची कड धारदार राहते. म्हणजे पाटन आणि भंजन यांतला फरक नेवाशाच्या माणसाला ठाऊक होता. त्याला त्यासाठी शब्द होता की नाही, हा भाग निराळा.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपाषाण संस्कृतीचे लोक कॅल्सेडोनीची बारीक, समांतर कडांची पाती काढत. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला अशा पात्यांबरोबर रंगीत दगडांचे मणीही मिळाले आहेत. अकीक भाजला की त्यातल्या लोहाचा रंग लालसर होतो. खंबायतचे कारागीर आजही हीच युक्ती वापरतात. रंग मुद्दाम बदलता येतो, तेव्हा रंगावर विसंबू नये याला हा एक आणखी पुरावा.

हाताला माहीत असलेले हे ज्ञान शास्त्रात यायला मात्र अठरावे शतक उजाडले. पुढे जर्मनीत फ्रायबर्ग येथील खाणविद्येच्या शाळेत शिकवू लागलेल्या वेर्नरने १७७४ साली खनिजांच्या बाह्य लक्षणांवर छोटे पुस्तक लिहिले. डोळा, बोट, जीभ आणि नाक यांनी काय काय कळते, याची त्यात शिस्तशीर मांडणी होती. त्याचाच विद्यार्थी फ्रीड्रिख मोस. १८०२ साली व्हिएन्नातल्या एका सावकाराचा मोठा खनिजसंग्रह तपासून त्याचे वर्णन लिहिण्याचे काम मोसला मिळाले. १८१२ साली त्याने दहा खनिजांची उतरंड मांडली. वरचे खनिज खालच्यावर ओरखडा पाडते, एवढाच तिचा नियम. तिच्यातल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. नवव्या कुरुविंदापासून दहाव्या हिऱ्यापर्यंतची उडी आधीच्या कोणत्याही पायरीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

'झिओलाइट' हे नाव याहून जुने. १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेटने एका खनिजावर फुंकनळीने ज्योत सोडली तेव्हा ते उकळल्यासारखे फुगले. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' असे नाव दिले. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट मात्र बरीच वर्षे एकच मानले जात. ब्रूक या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञाने १८२२ साली स्फटिकांच्या आकारावरून ह्यूलँडाइट वेगळे काढले आणि त्याला ह्यूलँड नावाच्या खनिज-व्यापाऱ्याचे नाव दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. त्याच्या क्षेत्रात पुण्याबरोबर नगरचा जिल्हाही होता. दख्खनच्या भूविज्ञानावरचा त्याचा निबंध १८३६ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने छापला. प्रवरेच्या खोऱ्यातले दगड युरोपी शास्त्राच्या नजरेखाली आले तेव्हा ते शास्त्रही असे कोवळे होते.

आता वर्गात काय करता येईल ते पाहू. राहुरी किंवा संगमनेर भागात नव्या विहिरीच्या मलब्यातून आणलेले पाचसहा पांढरे तुकडे घ्या. चांगला स्फटिक बाजूला ठेवा, फुटका तुकडाच परीक्षेला घ्या. आधी भिंगातून तुटलेली बाजू पाहा. ती शंखाभ असेल आणि तुकडा काचेवर ओरखडा पाडत असेल, तर तो क्वॉर्ट्‌झ घराण्यातला. कठिनता ७, चाकू त्याला लागत नाही. पुष्कळदा उलट चाकूचेच लोखंड त्यावर घासले जाऊन काळी रेघ उमटते आणि मुले तिलाच ओरखडा समजतात. ओल्या बोटाने पुसून पाहावे, पुसली गेली तर ती रेघ चाकूची.

पाटन दिसले तर त्याच्या दिशा मोजा. तीन तिरप्या दिशा म्हणजे कॅल्साइट. स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवला तर अक्षरे दोन दिसतात, आणि पातळ आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. हे शेवटचे लक्षण रासायनिक असले तरी त्याला इथे माफी आहे. पाटन एकाच दिशेने उत्तम असून त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असेल, तर तीन उमेदवार उरतात. मधे आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा जुडगा असेल तर स्टिल्बाइट. शवपेटीसारखा, मधे रुंद आणि टोकांना निमुळता चपटा स्फटिक असेल तर ह्यूलँडाइट. चौकोनी खांबासारखा असून माथ्यावर मोत्याची झाक आणि बाजूंना काचेची चमक असेल तर ॲपोफायलाइट. पहिल्या दोघांची कठिनता ३.५ ते ४, तिसऱ्याची ४.५ ते ५. स्टिल्बाइटची कड कॅल्साइटवर ओरखडा पाडते, कॅल्साइटची स्टिल्बाइटवर पडत नाही. मोसची पद्धत ती हीच.

वजनही साक्ष देते. तुकडा दोऱ्याने ताणकाट्याला टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोला. हवेत ११० ग्रॅम आणि पाण्यात ६० ग्रॅम भरला, तर ११० भागिले ५०, म्हणजे सापेक्ष घनता २.२. हा स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट असावा. कॅल्साइट असता तर उत्तर २.७ च्या आसपास आले असते. तुकड्याला काळा खडक चिकटलेला असेल तर मात्र हे गणित फसते. शेवटी थोडा चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवा. झिओलाइट असेल तर नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. एवढ्या कोरड्या दगडात पाणी होते, याचे मुलांना फार नवल वाटते. ॲपोफायलाइटही पाणी सोडतो, पण तो झिओलाइट गटात मोडत नाही.

हाताच्या परीक्षेला मर्यादा आहेत. सुयांच्या पंख्यासारखे झुबके स्कोलेसाइटचे की मेसोलाइटचे, हे क्ष-किरणांवाचून खात्रीने सांगता येत नाही. १९७८ साली ॲपोफायलाइटचेही रासायनिक घटकांवरून वेगवेगळ्या नावांत विभाजन झाले. शाळेच्या चिठ्ठीवर नुसते 'ॲपोफायलाइट' लिहिणे त्यामुळे अधिक प्रामाणिक ठरते.

दगड ओळखला तरी त्याचा पत्ता हरवू शकतो, आणि या भागात ते फार घडले आहे. जुन्या परदेशी संग्रहांत दख्खनच्या कितीतरी नमुन्यांवर नुसते 'पूना' लिहिलेले असते, मग ते कुठल्याही घाटातले किंवा खाणीतले असोत. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या विहिरींतून या शतकाच्या आरंभी हिरव्या ॲपोफायलाइटचे देखणे स्फटिक निघाले आणि त्यांनी जगभरच्या संग्राहकांना वेड लावले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात अशी खनिजे पाहायला मिळतात. तिथली कितीतरी मौल्यवान खनिजे गारगोटी नाहीतच, ही त्या नावाची गंमत. पण अशा एका पोकळीमागे कितीतरी पोकळ्या खडीच्या यंत्रात जातात किंवा मलब्याखाली बुजतात, आणि विहीर एकदा बांधून पाण्याने भरली की तो थर पुन्हा दिसत नाही.

म्हणून शाळेच्या पेटीत नगरच्या दगडांसाठी एक खण करावा आणि प्रत्येक तुकड्याखाली चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर गाव, विहीर की खाण, जमिनीपासून किती फुटांवर, भोवतालचा खडक सच्छिद्र की भरीव, सापडल्याचे साल, आणि मग नाव लिहावे. नाव पेन्सिलने लिहिलेले बरे. ते पुढे बदलू शकते, खोली आणि गाव बदलत नाहीत.