उतारवयांतील दम

जिना चढतांना दम लागूं लागला कीं मनुष्य प्रथम जिन्याला दोष देतो, नंतर हवेला, आणि सर्वांच्या शेवटीं आपल्या वयाला. एकदां वयापाशीं येऊन पोंचला म्हणजे मात्र तो तेथेंच ठाण मांडतो. ‘वय झालें, आतां विश्रांति घ्यावी,’ असा निकाल तो स्वतःच देऊन टाकतो. हा निकाल कितपत न्यायाचा आहे याची चौकशी पूर्वीं कोणीं व कशी केली, तिची हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

आपल्याकडील वैद्यकानें या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केला होता. व्यायाम किती करावा हें ठरवितांना वय, बळ, शरीर, देश, काल आणि आहार यांकडे पाहावें असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे, आणि आपल्या बळाच्या निम्म्यानेंच व्यायाम करावा असा दंडक घातला आहे. आतां निम्में बळ मोजावयाचें कसें? हृदयाच्या ठिकाणचा वायु तोंडाशीं येऊं लागला, म्हणजे धाप लागूं लागली, कीं निम्में बळ खर्चीं पडलें असें समजावें. या खुणेला तराजू नको कीं घड्याळ नको. तरुणाला आणि वृद्धाला ती सारखीच लागू पडते, कारण ज्याचें निम्में त्यानेंच मोजावयाचें. आजचे डॉक्टरही चालतांना शेजाऱ्याशीं बोलतां आलें पाहिजे अशी खूण सांगतात. ती हिच्याच जातीची. वाग्भटानें मात्र अष्टांगहृदयांत बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेला मनुष्य यांनीं व्यायाम वर्ज्य करावा असें सांगून टाकलें. घरोघरीं वाग्भटाचा शेरा टिकला आणि सुश्रुताची खूण मागें पडली, असें मला वाटतें.

पाश्चात्य देशांत हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेंत नीट आला तो विसाव्या शतकांत. आर्चिबाल्ड हिल हा इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्वतःच पाठीवर पिशवी बांधून मँचेस्टर येथें गवतावर धांवे, आणि बाहेर टाकलेला श्वास त्या पिशवींत जमा करी. वेग वाढवीत गेलें असतां शरीर प्राणवायुही अधिक घेतें. परंतु पुढें एक मर्यादा अशी येते कीं वेग वाढला तरी प्राणवायु अधिक घेतां येत नाहीं, असें त्याचें व त्याचा सहकारी लप्टन याचें म्हणणें १९२३ सालीं प्रसिद्ध झालें. आपण ज्याला दम म्हणतों त्याची ही उंची. फुप्फुसें हवा आंत घेतात, हृदय रक्त पुढें ढकलतें, आणि स्नायु त्या रक्तांतून प्राणवायु काढून घेतात. या तिघांच्या मेळानें ती उंची ठरते.

अमेरिकेंत हार्व्हर्ड विद्यापीठानें श्रम आणि थकवा यांच्या अभ्यासाकरितां १९२७ सालीं एक प्रयोगशाळा काढली होती. तेथें सिड रॉबिन्सन यानें ६ वर्षांच्या मुलापासून ९१ वर्षांच्या वृद्धापर्यंत अनेकांचा दम मोजला, आणि ऐन तारुण्यानंतर ही उंची सतत उतरत जाते असें १९३८ सालीं छापलें. हृदयाचे ठोकेही, कितीही श्रम केले तरी, पूर्वींइतके जलद पडत नाहींत. पुढें डॉक्टरांनीं एक सोपें गणित रूढ केलें. २२० मधून वय वजा करावें. उरतील तितके ठोके ही मिनिटाची कमाल. साठ वर्षांच्या माणसाला अशानें १६० मिळतात. २००१ सालच्या संशोधनानें तें सुधारलें. वयाचा सातदशांश काढून तो २०८ मधून वजा करावा, म्हणजे तोच मनुष्य १६६ वर येतो. सहा ठोक्यांचा हा अन्याय वृद्धांवर पुष्कळ वर्षें चालला होता! अर्थात् दोन्ही गणितें सरासरीचीं आहेत. एकट्यादुकट्याच्या बाबतींत तीं दहा ठोक्यांनीं सहज चुकतात.

रॉबिन्सनच्या मोजणींत एक अडचण होती. त्यानें एकच मनुष्य साठ वर्षें मोजला नव्हता. निरनिराळ्या वयांचीं निरनिराळीं माणसें मोजलीं होतीं. विशीचा मनुष्य खेळणारा आणि साठीचा खुर्चींत बसणारा असेल, तर मधल्या तुटीचा किती भाग वयाच्या खातीं मांडावा आणि किती खुर्चीच्या?

याच प्रयोगशाळेंत तपासला गेलेला एक मनुष्य या वादांत मोठा साक्षीदार ठरला. त्याचें नांव क्लॅरेन्स डीमार. छापखान्यांत काम करणारा हा गृहस्थ लांब पल्ल्याचा धांवपटु होता. १९११ सालीं, वय २२ असतांना, बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीपूर्वीं डॉक्टरांनीं त्याची छाती तपासली. हृदयांत मर्मर ऐकूं येते, तेव्हां हें धांवणें सोडून द्यावें, असा सल्ला त्याला मिळाला. तो त्या दिवशीं धांवला आणि पहिला आला. पुढें कांहीं वर्षें तो या शर्यतीपासून बहुतेक दूरच राहिला. नंतर मात्र १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० या सालीं त्यानें तीच शर्यत जिंकली. शेवटच्या विजयाच्या वेळीं तो ४१ वर्षांचा होता. १९५४ सालीं, ६५ व्या वर्षीं, तो बोस्टनला पुन्हां धांवला. १९५८ सालीं कर्करोगानें त्याचा अंत झाला, तेव्हां शवविच्छेदन करून त्याचें हृदय पाहण्यांत आलें. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या त्याच्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. जिच्याविषयीं पहिल्या डॉक्टरांना भीति वाटत होती ती वस्तु ही अशी होती. हा वृत्तांत १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकीं एक पॉल डडली व्हाइट, म्हणजे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ सालीं हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर. तथापि एका हृदयावरून सिद्धांत बांधूं नये. रुंद धमन्या डीमारला धांवण्यानें मिळाल्या कीं तो त्या घेऊनच जन्मला, हें शव सांगूं शकत नाहीं.

अशीच सावधगिरी लंडनच्या बसगाड्यांच्या बाबतींत बाळगावी लागते. दुमजली गाडींत दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां हृदयविकार पुष्कळच कमी होतो, असें जेरेमी मॉरिस यानें १९५३ सालीं दाखविलें. मग त्यानेंच त्यांच्या गणवेशांचीं मापें काढून पाहिलीं, तों ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच मोठ्या निघाल्या! आपल्याच शोधाची अशी उलटतपासणी करणारे संशोधक विरळा. हा मॉरिस स्वतः ९९ वर्षें जगला.

एकाच माणसाला पुन्हां पुन्हां मोजण्याचें काम अमेरिकेंतील डॅलस शहरीं झालें. १९६६ सालीं २० वर्षांच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यांत आलें. उठविलें तेव्हां त्यांचा दम चौथाईहून अधिक उतरला होता. तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच पांच जणांना पुन्हां बोलाविलें. आतां ते पन्नाशीचे झाले होते, वजनें वाढलीं होतीं. तरीही तीस वर्षांत उतरलेला दम त्या तीन आठवड्यांत उतरलेल्या दमापेक्षां कमीच भरला. नंतर सहा महिने हळूहळू वाढवीत नेलेल्या व्यायामानें ती तूट भरून आली. परंतु भरून आली ती वेगळ्या वाटेनें. हृदयाची रक्त ढकलण्याची कमाल वाढली नाहीं. स्नायु रक्तांतून प्राणवायु अधिक काढून घेऊं लागले. तालमींतला जुना वस्ताद हौद्यांत उतरून झोंबी घेण्याचें सोडतो, पण जोर-बैठका सोडत नाहीं, त्यांतलें शहाणपण मला हें वाचल्यावर कळलें. पुढें ते पांचजण साठीचे झाले तेव्हां हिशेब बरोबरीचा निघाला; चाळीस वर्षांची घट आणि विशींतल्या तीन आठवड्यांची घट जवळजवळ सारखी. गेल्या वर्षीं ताप उतरल्यावरही अंथरूण मीं आपण होऊन लांबविलें, त्या दिवसांची मोजणी मला तेव्हां करावी लागली.

दम झाला, तशी शक्तीचीही गोष्ट. १९९० सालीं बोस्टन येथें मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनीं वृद्धाश्रमांतील दहा अशक्त माणसें घेतलीं. वयें ८६ पासून ९६ पर्यंत. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम, तोही चांगला जड, करवून घेतला. पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें पावणेतीनपट झाली. दोघांनीं काठी टाकली. नंतर चार आठवडे व्यायाम बंद ठेवला, तेव्हां त्यांची शक्ति जवळजवळ एकतृतीयांशानें पुन्हां उतरली.