बाय द स्किन ऑफ वन्स टीथ

जेमतेम निभावणे, अगदी थोडक्यात वाचणे या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. शब्दशः पाहिले तर ‘दातांच्या कातडीने’. दाताला कातडी नसतेच. वरचे एनॅमल तर शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. जे मुळात नाही, तेवढ्याच फरकाने सुटका झाली, ही यातली गंमत.

उगम बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात (अध्याय १९, वचन २०). मुलेबाळे, गुरेढोरे गेली, अंगभर फोड उठले, हाडाला कातडे चिकटले; अशा अवस्थेत ईयोब सांत्वनाला आलेल्या मित्रांपुढे गाऱ्हाणे मांडतो. १५६० च्या जिनीव्हा बायबलने त्याचे हिब्रू शब्द जसेच्या तसे इंग्रजीत आणले आणि १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीने ते कायम ठेवले. ईयोबाला नेमके काय म्हणायचे होते, यावर भाष्यकारांत एकमत नाही. काहींच्या मते दातांची कातडी म्हणजे हिरड्या. लॅटिन बायबलात दातांभोवती नुसते ओठ उरतात. बोलणाऱ्यांनी या वादाची कधी फिकीर केली नाही. बायबलातल्या ‘विथ’च्या जागी ‘बाय’ मात्र रुळले.

काठावर पास होणे, सुटता सुटता गाडी पकडणे, चार मतांनी निवडून येणे, सगळीकडे तो चालतो. निसटत्या पराभवाला चालत नाही. शेवट सुटकेतच व्हावा लागतो. ‘क्लोज शेव्ह’ त्याचा सख्खा शेजारी, पण तो बहुधा अंगावरून गेलेल्या अपघाताला: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. इथे धडपड करून तग धरणे अभिप्रेत असते.

जुलै २००९ मधली कार्डिफची ॲशेस कसोटी हे चपखल उदाहरण. पॉल कॉलिंगवूड २४५ चेंडू खेळून ७४ धावांवर बाद झाला, तेव्हा इंग्लंड ९ बाद २३३. डावाचा पराभव टाळायलाही सहा धावा हव्या होत्या. जेम्स अँडरसन आणि फलंदाजीत बेभरवशाचा माँटी पनेसर यांनी ६९ चेंडू खेळून काढले. मध्येच बारावा खेळाडू हातमोजे घेऊन धावत आला, पाठोपाठ फिजिओही. हा वेळकाढूपणा पाहून ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पॉण्टिंग भडकला. सामना अनिर्णित राहिला आणि पुढे मालिका इंग्लंडने २-१ अशी जिंकली.

थॉर्नटन वाइल्डरच्या १९४२ मधल्या ‘द स्किन ऑफ अवर टीथ’ या नाटकात न्यू जर्सीचे एक कुटुंब हिमयुग, महापूर आणि महायुद्ध यांतून असेच तगते. त्याला १९४३ चे पुलित्झर मिळाले.