ताम्रपट आणि तोफा : सैन्यपुरवठ्याची दोन चिन्हे

सैन्याचे बोधचिन्ह हे केवळ अलंकरण नव्हे. सेवा आणि सत्ता यांच्या संबंधाचे ते दृश्य रूप असते. सैन्यपुरवठ्याची दोन चिन्हे यवतमाळच्या परिसरात तुलनेसाठी घेता येतात.

वर्धा नदीपलीकडे पुलगाव येथे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ते भूसेनेच्या ऑर्डनन्स कोअरकडे असून, या दलाच्या ढालीवर तीन तोफा व तीन गोळे आहेत. हे चिन्ह इंग्लंडच्या ‘बोर्ड ऑफ ऑर्डनन्स’चे. 1855 मध्ये बरखास्त झालेल्या या मंडळाकडे शस्त्रभांडार व तोफखाना ही दोन्ही खाती होती. म्हणूनच साठा राखणाऱ्यांच्या ढालीवर तोफा आल्या. 8 एप्रिल 1775 रोजी कलकत्त्यास असेच मंडळ स्थापन झाले व तोच दिवस हे दल आपला स्थापनादिन मानते. प्रजासत्ताकानंतर भारतीय सैन्याच्या चिन्हांतील राजमुकुटाची जागा अशोकाच्या सिंहमुद्रेने घेतली. तोफा मात्र राहिल्या.

दुसरे चिन्ह त्याहून जुने आहे. आर्णी, दिग्रस, पुसद या पट्ट्यातील तांड्यांत वसलेल्या बंजारा समाजाचा पूर्वापार व्यवसाय बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहण्याचा. मोगल सैन्यास दख्खनच्या स्वाऱ्यांत त्यांनीच रसद पुरविली. शाहजहानचा वजीर आसफखान याने भंगी व झंगी या नाईकांस सुवर्णाक्षरांचा ताम्रपट दिला, अशी परंपरा एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदविली आहे. त्यात छपराचे गवत व रांजणातील पाणी घेण्याची मुभा होती. मात्र जेथे आसफखानाचे घोडे, तेथे नाईकांचे बैल असावेत, ही अट होती. परंपरेचा तपशील अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही. तथापि तिचा आशय स्पष्ट आहे : पुरवठादार हा येथे सेवक नसून करार करणारा पक्ष आहे.

1803 च्या मोहिमेत वेलस्लीच्या सैन्यासही बंजाऱ्यांची रसद लागली. पुढे मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपुरास पोहोचला आणि बैलांच्या वाहतुकीची गरज ओसरली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक ठिकाणी बंजारा गटांची नोंद झाली. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये पुसला गेला. ज्यांना एका सत्तेने सनद दिल्याची स्मृती होती, त्यांनाच दुसरीने संशयित ठरविले.

तोफांची ढाल टिकली, कारण तिच्यामागील संस्था अखंड राहिली. ताम्रपट केवळ कथेत उरला, कारण त्यामागे तांडा होता, कचेरी नव्हती. सैन्यपुरवठ्याचा इतिहास बोधचिन्हांवरूनच लिहिल्यास त्यातून बैल व नाईक हे दोघेही वगळले जातील. अभ्यासकाने चिन्हाइतकेच चिन्हाच्या अभावाकडेही लक्ष देणे म्हणूनच अगत्याचे ठरते.